विश्लेषण : कॅमशाफ्टचे ऑइल सील घरी बदलता येते का? त्यासाठी कोणती खास हत्यारे लागतात?

जुनी मोटार विकण्यापेक्षा नीट जपून वापरावी, असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. एवढे भरून गाडी आणखी पाच वर्षे चालवायची, तर तिची दुखणीही काढावी लागतात. त्यातले एक नेहमीचे दुखणे म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूने पाझरणारे तेल. गॅरेजमध्ये सांगितले जाते, ‘कॅम सील गेले आहे.’ हे सील म्हणजे काहीशे रुपयांची रबरी चकती. मजुरी मात्र तिच्या कितीतरी पट. कारण त्या चकतीपर्यंत पोहोचण्यासाठी बेल्ट, पुली, अनेकदा इंजिनाचे माउंटही सोडवावे लागते. मग मोबाइलवर व्हिडीओ पाहून काही जण हत्यारांचा संच ऑनलाइन मागवतात आणि रविवारी सकाळी बॉनेट उघडतात. काम अशक्य नाही. पण चुकीच्या हत्याराने काहीशे रुपयांच्या सीलसाठी अख्खे सिलिंडर हेड उघडण्याची वेळ येऊ शकते. म्हणून कोणते हत्यार घ्यावे, कोणते उसने आणावे आणि कोणत्या वेळी हात आवरावा, हे आधी समजून घ्यायला हवे.

हे सील नेमके काय करते?

इंजिनातील झडपा उघडण्याचे आणि मिटण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. तो सिलिंडर हेडमध्ये तेलात फिरत असतो. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, तिथे कॅमशाफ्टचे एक टोक हेडच्या बाहेर येते आणि त्यावर दात असलेली पुली बसते. हा रबरी बेल्ट कोरडा राहावा लागतो. आतले तेल आणि बाहेरचा कोरडा बेल्ट यांच्यामधली भिंत म्हणजे कॅमशाफ्ट सील.

सीलच्या बाहेरच्या बाजूला पोलादी कडे असते, ते हेडच्या भोकात घट्ट बसते. आतल्या बाजूला रबराची पातळ कड असते, ती फिरत्या शाफ्टला टेकलेली राहते. या कडेमागे एक बारीक गोल स्प्रिंग असते, ती कडेला शाफ्टवर दाबून धरते. वर्षानुवर्षे उष्णता सोसून रबर कडक होते, कडेला भेगा पडतात आणि तेल पाझरू लागते. हे तेल थेट टायमिंग बेल्टवर पडते. तेल लागले की बेल्टचे रबर फुगते, दात सुटतात आणि बेल्ट त्याच्या ठरलेल्या मुदतीच्या आधीच तुटू शकतो. अनेक इंजिनांत झडपा आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येत-जात असतात. तिथे बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो आणि झडपा वाकतात. थेंबभर गळतीकडे दुर्लक्ष न करण्याचे खरे कारण हे आहे.

आपल्या गाडीत हे सील आहे का?

हत्यार घेण्याआधीचा पहिला प्रश्न हाच. भारतातील अनेक गाड्यांत टायमिंग बेल्टऐवजी साखळी असते. मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिने, ह्युंदाईचे १.२ लिटर कॅपा इंजिन, फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल, होंडाची आय-व्हीटेक पेट्रोल इंजिने ही साखळीवर चालतात. साखळी तेलातच फिरते, ती बंद कव्हरच्या आत असते. त्यामुळे तिथे कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला बेल्टवाल्या इंजिनासारखे सील नसते. अशा गाडीत पुढून तेल येत असेल तर संशय क्रँकशाफ्टच्या सीलवर किंवा टायमिंग कव्हरच्या जोडावर घ्यावा.

बेल्ट असलेल्या ओळखीच्या गाड्या म्हणजे मारुती ८००, जुनी झेन, ह्युंदाई सँट्रो, टाटा इंडिका डिझेल, २.५ लिटर डिझेल इनोव्हा, रेनो डस्टरची १.६ पेट्रोल आणि १.५ डिझेल आवृत्ती, फोक्सवॅगन-स्कोडाची बरीच डिझेल इंजिने. यांतही प्रत्येकाचे टायमिंग जुळवण्याची पद्धत वेगळी आहे आणि हत्यारांची निवड त्यावरच ठरते. म्हणून सर्वात आधी मिळवायचे ‘हत्यार’ म्हणजे आपल्या इंजिनाचे सर्व्हिस मॅन्युअल. गाडीच्या नावावर जाऊ नये, इंजिनाचा कोड पाहावा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिने आलेली असतात.

गळती नक्की सीलचीच आहे हे कसे ओळखावे?

टॅपेट कव्हरचे पॅकिंग खराब झाले की तेल वरून ओघळत खाली येते आणि नेमके कॅम सीलच्या जागी साचलेले दिसते. अनुभवी माणूसही इथे फसतो. डिग्रीझरने तो भाग स्वच्छ धुऊन, पुसून कोरडा करावा. मग काही किलोमीटर गाडी चालवून बॅटरी आणि छोट्या आरशाच्या मदतीने पाहावे. तेलाचा ओला माग नेहमी वरून खाली जातो, त्यामुळे सर्वात वरचा ओला बिंदू हाच उगम समजावा. तरीही कळत नसेल तर तेलात टाकायचा चमकणारा रंग आणि अतिनील दिवा मिळतो. हा संच महाग नसतो आणि चुकीचे काम काढण्यापासून वाचवतो.

दुसरी तपासणी पीसीव्ही झडपेची. क्रँककेसमध्ये जमणारा वायू या झडपेतून इनटेककडे ओढला जातो. ती काजळीने बंद झाली तर आतला दाब वाढतो आणि तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर ढकलले जाते. अशा वेळी नवे सील घातले तरी काही महिन्यांत तेही गळू लागते. सील बदलून पुन्हा गळती झाल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ इथे असते.

टायमिंग लॉक कधी लागतो, कधी लागत नाही?

सील काढायचे म्हणजे पुली काढायची आणि पुली काढायची म्हणजे बेल्ट सोडायचा. बेल्ट सुटला की कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांचे नाते तुटते. ते पुन्हा जसेच्या तसे जोडणे हे या कामाचे मर्म आहे.

जुन्या, एकच कॅमशाफ्ट असलेल्या साध्या पेट्रोल इंजिनांत पुली सहसा पिन किंवा चावीने शाफ्टवर एकाच जागी बसते. पुलीवर आणि हेडवर खुणा कोरलेल्या असतात. क्रँक पहिल्या सिलिंडरच्या वरच्या टोकाला आणून खुणा जुळवल्या, मोबाइलने फोटो काढून ठेवले आणि संयमाने काम केले तर वेगळ्या लॉकिंग संचाशिवाय भागते.

डस्टरच्या १.६ पेट्रोलमधील के४एम इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात दोन कॅमशाफ्ट आहेत आणि पुली शाफ्टवर चावीने नव्हे, तर बोल्टच्या दाबाने धरलेली असते. बोल्ट सैल केला की पुली शाफ्टवर मोकळी फिरते आणि पुलीवरच्या खुणांना काही अर्थ उरत नाही. तिथे कॅमशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकांची झाकणे काढून, टोकांवरच्या खाचांमध्ये एक खास पट्टी बसवावी लागते. क्रँकसाठी ब्लॉकमध्ये आट्यांनी बसणारी वेगळी पिन असते. अशा इंजिनात लॉकिंग संच नसेल तर काम सुरूच करू नये. पांढऱ्या रंगाच्या खुणा करून निभावते, हा सल्ला इथे महागात पडतो.

ऑनलाइन बाजारात ‘सर्व गाड्यांसाठी’ म्हणून दोन पुलींच्या मध्ये अडकवायचे पाचरीसारखे लॉक मिळतात. ते दोन कॅम पुलींना एकमेकांच्या तुलनेत धरतात, क्रँकशी असलेले नाते मात्र जपत नाहीत. मदतनीस म्हणून ठीक, भरवसा ठेवण्यासारखे नाहीत. लॉकिंग संच घ्यायचा तर आपल्या इंजिन कोडसाठीचाच घ्यावा. विक्रेत्याच्या यादीत तो कोड स्पष्ट लिहिलेला नसेल तर दुसरीकडे पाहावे.

पुलीचा बोल्ट सोडताना काय धरावे?

घरी काम करणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते. टायमिंगची पिन किंवा पट्टी शाफ्टला ‘जागेवर’ ठेवण्यासाठी असते. बोल्टचा जोर झेलण्यासाठी ती बनवलेली नसते. लॉकच्या आधाराने बोल्ट खेचला तर पिन वाकते, खाचेची कड तुटते किंवा कॅमशाफ्टचेच टोक निकामी होते. जुना बेल्ट पक्कडीने धरून बोल्ट सोडण्याची युक्तीही तितकीच वाईट, कारण पुलीचे दात झिजतात.

यासाठी पुली धरण्याचे वेगळे हत्यार असते. लांब दांडा, टोकाला वायच्या आकाराच्या दोन बाहू आणि त्यांवर हलवता येणाऱ्या दोन पिना. या पिना पुलीच्या भोकांत अडकवायच्या, दांडा एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने बोल्ट सोडायचा. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पिनांची जाडी आपल्या पुलीच्या भोकांइतकी आहे का. सैल पिन निसटते. दुसरी, पिनांमधले अंतर बदलून घट्ट करता येते का. तिसरी, दांड्याची लांबी किमान हातभर आहे का. स्वस्त संचात पिना मऊ लोखंडाच्या असतात आणि पहिल्याच बोल्टला वाकतात. हे हत्यार वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टी आणि उच्च दर्जाचे बोल्ट वापरून बनवून घेता येते आणि अनेकदा विकतच्यापेक्षा दणकट निघते.

काही इंजिनांत टॅपेट कव्हर उघडल्यावर कॅमशाफ्टवरच षटकोनी जागा दिसते. तिथे साधा पाना लावून शाफ्ट धरता येतो. मॅन्युअलमध्ये तशी सोय दाखवली असेल तर वेगळ्या हत्याराचा खर्च वाचतो. पाना हेडच्या अॅल्युमिनियमवर टेकणार नाही एवढी काळजी घ्यावी.

फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत पुलीमागचा हब निमुळत्या शाफ्टवर रुतून बसतो. बोल्ट काढला तरी तो हलत नाही. तिथे त्या हबसाठीचा पुलरच लागतो. हातोडी मारून किंवा स्क्रू ड्रायव्हर अडकवून तो काढायचा प्रयत्न केला तर कॅमशाफ्टला धक्का बसतो.

जुने सील काढण्याचे योग्य हत्यार कोणते?

सील काढण्यासाठी तीन प्रकारची हत्यारे मिळतात. पहिला आकडीचा. वाकवलेल्या टोकाची सळी सीलच्या कडेमागे घालून बाहेर ओढायची. स्वस्त आणि झटपट. पण कॅम सीलजवळ जागा अरुंद असते आणि आकडीचे टोक शाफ्टवर घासते. शाफ्टच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला एक आडवा चरा नव्या सीलच्या कडेला कायम तेल देत राहतो. हेडच्या भोकाच्या अॅल्युमिनियमवर पडलेला ओरखडाही तसाच त्रासदायक.

दुसरा प्रकार शाफ्टवर बसणाऱ्या पुलरचा. शाफ्टभोवती नळी बसते, तिच्या टोकाच्या पातळ नख्या सीलच्या कडेखाली जातात आणि मधला स्क्रू फिरवला की सील सरळ बाहेर येते. शाफ्टला धक्का लागत नाही. मात्र आपल्या शाफ्टच्या व्यासात आणि पुलीमागच्या मोकळ्या जागेत तो मावतो का, हे घेण्याआधी मोजायला हवे.

तिसरा प्रकार स्क्रूचा. सीलच्या पोलादी भागात बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवायचा आणि पक्कडीने किंवा छोट्या स्लाइड हॅमरने ओढायचे. हा घरच्या घरी सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे आणि नीट केला तर चांगला आहे. दोन मिलिमीटरच्या ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळावी, म्हणजे ते सीलच्या पलीकडे जाऊन हेडमध्ये घुसणार नाही. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावावे, त्यात धातूचे कण चिकटतात. भोक शाफ्ट आणि बाहेरचे कडे यांच्या बरोबर मध्ये पाडावे. समोरासमोर दोन स्क्रू लावले तर सील वाकडे न होता बाहेर येते.

सील निघाल्यावर शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. जिथे जुनी कड फिरत होती तिथे नख अडकेल एवढी खाच असेल तर नवे सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. मॅन्युअल परवानगी देत असेल तर सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवतात, म्हणजे कड कोऱ्या पृष्ठभागावर टेकते. खाच खोल असेल तर एसकेएफची ‘स्पीडी-स्लीव्ह’ किंवा तशी पातळ पोलादी बाही शाफ्टवर चढवतात. ते काम मात्र नवशिक्याने करू नये.

नवे सील कोणते घ्यावे?

सीलच्या तोंडावर सहसा तीन आकडे असतात. उदाहरणार्थ ३५×५०×८. पहिला शाफ्टचा व्यास, दुसरा भोकाचा व्यास, तिसरा जाडी, सर्व मिलिमीटरमध्ये. पण केवळ माप जुळणे पुरेसे नाही. साधे नायट्राइल रबर १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानापर्यंत ठीक असते. सिलिंडर हेडजवळ पॉलिअॅक्रिलेट किंवा फ्लुओरो रबर अधिक टिकते. फ्लुओरो रबर २०० अंशांच्या आसपासची उष्णता सोसते. काही सीलवर बाण असतो, तो शाफ्ट फिरण्याची दिशा दाखवतो. उलट्या दिशेचे सील तेल आत परतवण्याऐवजी बाहेर आणते. म्हणून दुकानात माप सांगून नव्हे, तर पार्ट नंबर सांगून सील घ्यावे.

नव्या इंजिनांत पीटीएफई या पांढऱ्या किंवा काळपट टणक पदार्थाची कड असलेली सील येतात. त्यांत स्प्रिंग नसते. ती तेल-ग्रीस न लावता कोरडीच बसवायची असतात आणि बसवल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तेवढा वेळ इंजिन सुरू न करता थांबायचे असते. त्या वेळात कड शाफ्टवर आकार घेते. सवयीने तेल लावले की हीच सील गळतात. रबरी सीलच्या कडेला मात्र स्वच्छ इंजिन ऑइल लावणे आवश्यक असते.

सील बसवण्यासाठी खास ड्रायव्हर घ्यावा की सॉकेट चालेल?

सील बसवताना जोर फक्त त्याच्या बाहेरच्या पोलादी कड्यावर आणि चारही बाजूंनी सारखा पडला पाहिजे. त्यासाठी नळीच्या आकाराचा ड्रायव्हर लागतो. निवडीचा नियम सोपा आहे. बाहेरचा व्यास सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा साधारण एक मिलिमीटर कमी, आतला व्यास शाफ्टपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त आणि लांबी शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकापेक्षा अधिक. ३५×५०×८ च्या सीलसाठी बाहेरून ४९ आणि आतून ३७-३८ मिलिमीटरची नळी हवी.

अनेक जण मोठा सॉकेट उलटा धरून हातोडीने ठोकतात. माप नेमके जुळले आणि शाफ्टचे टोक आत मावले तर हे चालते. अडचण ठोकण्याची आहे. एका बाजूला जास्त फटका बसला की सील तिरके होते. शिवाय धक्क्याने आतली बारीक स्प्रिंग जागा सोडते आणि ते बाहेरून दिसतही नाही. गाडी सुरू केल्यावर गळती तशीच. ही स्प्रिंग जागेवर राहावी म्हणून तिच्या खाचेत थोडे ग्रीस भरून ठेवण्याची जुनी पद्धत उपयोगी आहे. पीटीएफई सीलला हे लागू नाही.

ठोकण्यापेक्षा दाबून बसवणे चांगले. कॅमशाफ्टच्या टोकाला पुलीच्या बोल्टसाठी आटे असतातच. त्याच आट्यांचा लांब बोल्ट, एक जाड वॉशर आणि वर सांगितलेली नळी एवढ्यावर सील हळूहळू, सरळ आत जाते. कंपन्यांचे महागडे संच याच तत्त्वावर चालतात. बोल्ट फिरवताना शाफ्ट फिरू नये म्हणून पुली धरण्याचे हत्यार किंवा शाफ्टवरची षटकोनी जागा वापरावी. बोल्टचे आटे आधी हाताने फिरवून पाहावेत, चुकीच्या आट्यांचा बोल्ट जोराने घातला तर कॅमशाफ्टच बदलावा लागेल.

ही नळी एखाद्या लेथवाल्याकडून सहज बनते. पुण्यात भोसरी, नाशिकमध्ये सातपूर-अंबड किंवा कोणत्याही एमआयडीसीच्या कडेला असा कारागीर सापडतो. जुने सील आणि वरची मापे सोबत न्यावीत. अॅल्युमिनियम किंवा नायलॉनची नळी मागावी, म्हणजे हेडला ओरखडा पडणार नाही. चौकोनी कडा हलक्या गोल करून घ्याव्यात. एका इंजिनासाठी वीस मापांचा संच घेण्यापेक्षा हे स्वस्त आणि नेमके पडते.

सीलची कड शाफ्टच्या टोकावरून, चावीच्या खाचेवरून सरकताना कापली जाते. त्यासाठी निमुळती गाइड स्लीव्ह असते. ओईएम सीलच्या खोक्यात कधी प्लास्टिकची अशी बाही मिळते, ती फेकू नये. ती नसेल तर रबरी सीलसाठी शाफ्टच्या टोकावर गुळगुळीत टेप गुंडाळून काम होते. पीटीएफई सीलसाठी मात्र योग्य बाहीच हवी.

टॉर्क रेंच घ्यायलाच हवा का?

या यादीतील ज्या हत्यारावर हात आखडता घेऊ नये, ते हेच. पुलीचा बोल्ट सैल राहिला तर टायमिंग सरकते, जास्त आवळला तर बोल्ट किंवा आटे जातात. पुली चावीविना असेल तर बोल्टचा दाब हाच सगळा आधार. अर्ध्या इंची चौकोनाचा, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा रेंच पुलीच्या बोल्टसाठी ठीक. पण टॅपेट कव्हरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचे असतात, तिथे हा मोठा रेंच वापरू नये. मापाच्या तळाशी कोणताही क्लिक रेंच भरवशाचा नसतो. त्यासाठी ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा रेंच उसना मिळाला तरी पुरे.

आकड्यांचा एक सापळाही लक्षात ठेवावा. जुन्या जपानी-कोरियन मॅन्युअलमध्ये टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. म्हणजे ६ लिहिले असेल तर रेंच ५९ वर लावायचा. काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंश फिरवायचे असतात. ते एकदाच वापरायचे, त्यांच्यासाठी अंश दाखवणारी चकती लागते. काम झाल्यावर क्लिक रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते.

काय विकत घ्यावे, काय उसने आणावे?

टॉर्क रेंच, चांगले सॉकेट आणि व्हर्नियर कॅलिपर ही आयुष्यभराची हत्यारे, ती विकत घ्यावीत. नाशिकमध्ये कारखाना असलेल्या टापरियासारख्या भारतीय कंपन्यांची साधी हत्यारे गावोगावी मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यार हातात घेऊन पाहता येते, हा ऑनलाइन खरेदीपेक्षा मोठा फायदा. पुली धरण्याचे हत्यार आणि सील बसवण्याची नळी बनवून घ्यावी. टायमिंग लॉकिंग संच आणि हबचा पुलर वर्षातून एकदाही लागत नाही, तो ओळखीच्या मेकॅनिककडून अनामत ठेवून आणणे शहाणपणाचे. सीलच्या वीस-पंचवीस मापांचा भलामोठा ड्रायव्हर संच एका गाडीसाठी घेणे म्हणजे पैसे अडकवणे.

इंजिनाखाली जॅक लावताना मध्ये लाकडी ठोकळा घालावा आणि गाडी उचलली असेल तर घोडीवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली हात घालू नये. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. एवढे उघडलेच आहे तर क्रँकचे पुढचे सील, बेल्ट, टेन्शनर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंपही तपासावा. तेल लागलेला बेल्ट धुऊन पुन्हा वापरू नये, कारण तेल रबराच्या आत मुरलेले असते.

गाडी सुरू करण्याआधीची शेवटची परीक्षा कोणती?

नवा बेल्ट बसवून ताण दिल्यावर लॉकिंगची सर्व हत्यारे काढली आहेत याची खात्री करावी. मग स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. दोन फेऱ्यांनंतर सर्व खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत किंवा लॉकची पिन सहज आत गेली पाहिजे. मध्येच टणक अडथळा जाणवला तर जोर लावू नये. ती झडप पिस्टनला टेकल्याची सूचना असते. हाताने फिरवताना कळलेली चूक फुकटात सुधारते, तीच चूक स्टार्टर फिरवल्यावर कळली तर झडपांचा खर्च येतो.

घाई करायला लावणारा दबाव हा या कामातील मोठा शत्रू. सोमवारी सकाळी गाडी लागणारच असेल तर रविवारी हे काम काढू नये. मॅन्युअल मिळत नसेल, इंजिन चावीविना पुलीचे असून लॉकिंग संच नसेल, क्रँकचा बोल्ट सुटत नसेल किंवा शाफ्टवर खोल खाच दिसली, तर गाडी टोइंग करून गॅरेजमध्ये नेणे हा पराभव नव्हे. तिथेही ‘पुली कशाने धरणार, लॉकिंग संच आहे का, सील ठोकणार की दाबून बसवणार’ हे तीन प्रश्न विचारता आले, तरी ही सगळी माहिती कामी आली असे समजावे.